मुलीची माफी मंचावरून मागू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 76. 40 वर्षं चित्रपटांत काम केलंत, एकेकाळी निव्वळ तुमच्या नावावर चित्रपट चालत. पुढच्या महिन्यात जीवनगौरव पुरस्कार मिळणार आहे. एकुलती एक मुलगी 14 वर्षं तुमच्याशी बोलत नाही. नातू 9 वर्षांचा झाला, त्याला तुम्ही फोटोतच पाहिलं आहे. सत्काराला उत्तर देताना सगळ्यांसमोर मुलीची माफी मागावी, असं तुमच्या मनात आहे. आयोजकांना ही कल्पना फार आवडली आणि काही ना काही कारण सांगून तिला पहिल्या रांगेत आणून बसवायचं त्यांनी अंगावर घेतलं आहे. शब्द कसे असावेत, असं तुम्ही विचारता.

शब्दांचं पुढे बोलू. त्याआधी एवढंच कळकळीने सांगते, की माफी मंचावरून मागू नका आणि मुलीला तिथे आणवूही नका. मी कौटुंबिक समुपदेशन करते. म्हातारे आईवडील आणि त्यांची दुरावलेली मोठी मुलं हा माझ्या कामाचा बराच मोठा भाग आहे आणि त्यात सिनेमा, नाटक, गाणं या क्षेत्रांतली माणसंही येतात. त्यांच्या मुलांकडून जे ऐकत आले, त्यावरून हे लिहिते आहे.

तुमच्या प्रश्नात मध्येच एक मजकूर आहे, तो तुम्ही अगदी ओझरता लिहिला आहे. पत्नी गेल्या त्या दिवशी वाहिन्यांचे कॅमेरे घरात आले होते. तुम्ही त्यांच्याशी बोलत होतात. मुलीने आतल्या खोलीतून हाक मारली, तुम्ही 'आलोच' म्हणालात आणि बोलत राहिलात. तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. एवढं सांगून तुम्ही लगेच तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांवर येता. तिच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा तुम्ही आऊटडोअरला होतात, तिचे वाढदिवस शूटिंगमध्ये गेले, तिला सायकल शिकवायची राहिली. पुढचा सगळा मजकूर या राहून गेलेल्या गोष्टींचाच आहे. आणि मंचावरून तुम्ही जे म्हणणार आहात, तेही याच गोष्टींबद्दल आहे.

खरी अडचण मला इथे दिसते. तुमच्या मनात एक यादी आहे आणि तिच्या मनात दुसरी. माफी तुम्ही तुमच्या यादीतून मागायला निघाला आहात.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली पश्चात्तापाबद्दल एक लेख लिहिला, तो अजूनही वाचला जातो. थोड्या काळापुरतं पाहिलं तर माणसाला आपण केलेल्या गोष्टींची टोचणी जास्त लागते. मात्र आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टीच जास्त छळतात, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्याकडे येणाऱ्या वृद्ध माणसांच्या बाबतीत मी हे नेहमी पाहते. त्यात मला एक धोकाही दिसतो. राहून गेलेल्या गोष्टींमध्ये दोषी कोणी नसतं. काम फार होतं, दिवस तसे होते, वेळ मिळाला नाही, असं म्हणता येतं आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण त्याचंही काही ना काही राहून गेलेलं असतं. केलेल्या गोष्टीला मात्र कर्ता असतो. कॅमेरे घरात कोणी येऊ दिले, हाक ऐकूनही आत कोण गेलं नाही, याचं उत्तर एकाच नावाने द्यावं लागतं. म्हणून मन हळूच सायकलकडे वळतं. तुम्ही हे जाणूनबुजून करता असं मी म्हणत नाही. जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं.

आता मुलीच्या बाजूने तो कार्यक्रम पाहा. 14 वर्षांपूर्वी वडील कॅमेऱ्यांसमोर बोलत होते आणि ती आत वाट पाहत होती. आता पुन्हा कॅमेरे आहेत, पुन्हा तुम्ही बोलत आहात, आणि या खेपेला तिलाही कॅमेऱ्यासमोर आणून बसवलं आहे. तुम्ही माफीचं वाक्य उच्चाराल त्या क्षणी एक कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जाईल. ती रडली तर ती क्लिप रात्रीतून सगळीकडे फिरेल. ती उठून गेली तर 'म्हाताऱ्या बापाला झिडकारणारी मुलगी' म्हणून लोक तिला वर्षानुवर्षं सुनावतील. ती नुसती बसून राहिली तरी त्याचा अर्थ लोकच लावणार. तिथे तिला नाही म्हणायची सोय नाही. आणि नाही म्हणायची सोय नसेल, तर ती हो म्हणाली तरी त्या होकारावर तुमचा स्वतःचाही विश्वास बसणार नाही.

प्रसिद्ध माणसांच्या मुलांकडून मी एक गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत ऐकली आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. बाहेर जेवायला गेलं की कोणी अनोळखी माणूस टेबलापाशी येतो, सही मागतो, फोटो मागतो. दिवसभर दमलेल्या, घरी कुणाशी धड न बोलणाऱ्या वडिलांचा चेहरा क्षणात उजळतो. ते त्या माणसाला नाव विचारतात, त्याच्या आईची चौकशी करतात, खांद्यावर हात ठेवतात. मूल समोर बसून हे पाहत असतं. त्याला कळतं की वडिलांना असं वागता येतं, फक्त आपल्याशी ते असं वागत नाहीत. दूर असण्याचं दुःख मुलं सहन करतात. कितीतरी मुलांचे वडील कामासाठी दूर असतात. पण आपल्या वाट्याचा चेहरा परक्यांना मिळताना पाहणं फार कठीण जातं.

त्यातून या मुलांना तक्रार करायला जागाही नसते. ज्याला सांगावं तो म्हणतो, तू किती नशीबवान, तुझे बाबा म्हणजे ते! शिक्षक, मैत्रिणींचे आईवडील, पुढे नवऱ्याकडची माणसं, सगळे आधी तुमचे चाहते आणि मग तिचे कोणीतरी. तुमच्या मुलीने 14 वर्षांत कुठेही मुलाखत दिली नाही, कुठे काही लिहिलं नाही, असं तुम्हीच कौतुकाने लिहिलं आहे. तुम्हाला तो तिचा मोठेपणा वाटतो. तो आहेही. पण तिने एक कुंपण घातलं आहे आणि त्याच्या आत तिला तुमच्या नावाशिवाय जगता येतं, हेही लक्षात घ्या. मंचावरून उच्चारलेलं तिचं नाव ते कुंपण एका फटक्यात पाडेल.

तुम्ही नट आहात, म्हणून आणखी एक गोष्ट लागू होते, ती इतर वडिलांना होत नाही. तुमचे अश्रू तिला पुरावा वाटणार नाहीत. तुम्ही हुकमी रडू शकता हे तिने लहानपणापासून पाहिलं आहे. घरातून सेटवर आणि सेटवरून घरात येताना चेहरा कसा बदलतो, ते तिला पाठ आहे. तुमचं रडणं अगदी खरं असलं तरी ते खरं आहे की नाही हे ठरवायचं ओझं तिच्यावर पडतं. म्हणून अशा घरांत मी फोन, व्हिडिओ किंवा आवाजातला निरोप पहिल्यांदा कधीच सुचवत नाही. आवाज हेच तुमचं हत्यार होतं. हाताने लिहिलेल्या कागदावर ते चालत नाही आणि ती तो कागद तिच्या वेळेने, एकटीने वाचू शकते किंवा न वाचता ठेवू शकते.

तुम्ही कदाचित हॉलिवूडचे नट हेन्री फोंडा आणि त्यांची अभिनेत्री मुलगी जेन यांचं उदाहरण द्याल. सिनेमातली माणसं बऱ्याचदा देतात. ते बापलेक वर्षानुवर्षं एकमेकांपासून अंतर राखून होते. 1981 साली 'ऑन गोल्डन पाँड' या चित्रपटामध्ये दोघांनी एकत्र काम केलं, त्यातही ते दुरावलेले बाप आणि मुलगीच होते. 1982 च्या मार्चमध्ये हेन्री फोंडांना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. ते इतके आजारी होते की जेननेच ते त्यांच्या वतीने स्वीकारलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. म्हणजे सगळ्या जगासमोरही नातं सांधता येतं, असं यावरून म्हणता येईल. पण तो चित्रपट ज्या नाटकावरून केला, त्याचे हक्क जेननेच वडिलांसाठी विकत घेतले होते. पाऊल दुखावलेल्या मुलीने उचललं, जागा तिने निवडली, गोष्ट तिने निवडली. वडिलांनी तिला समारंभात आणून बसवलं नव्हतं.

उलट बाजूचं उदाहरण हॉलिवूडच्या अभिनेत्री बेटी डेव्हिस यांचं. मुलीने 1985 साली आईवर कडवट पुस्तक लिहिलं. आईने 1987 साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात शेवटी मुलीला उद्देशून पत्र छापलं. 1989 साली डेव्हिस गेल्या, तोवर दोघींचं जुळलं नाही. त्या छापील पत्रामुळेच जुळलं नाही असं मी म्हणणार नाही, तोपर्यंत बरंच काही होऊन गेलं होतं. पण हजारो वाचकांसाठी छापलेलं पत्र हे मुलीला लिहिलेलं पत्र राहत नाही, हे मी माझ्या कामातूनही खात्रीने सांगू शकते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत म्हणून विचारते. घरात कधी मारहाण, दारू, पैशांची फसवणूक असं काही होतं का? होतं, तर पत्राने सुरुवात करू नका. आधी स्वतः कोणा समुपदेशकाकडे जा. 'माझ्याशी संपर्क करू नका' असं तिने स्पष्ट सांगितलं किंवा लिहिलं आहे का? असेल तर ते पाळायचं, आणि मग पुढचा सगळा सल्ला बदलतो. तुमची तब्येत किंवा स्मरण ढासळत चाललं आहे का? तसं असेल तर वेळेचं गणित वेगळं होईल. यातलं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

पत्र लिहा. छोटं लिहा.

माझ्याकडे एक वयस्क अभिनेत्री येत असत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. मुलाला लिहिलेला पहिला खर्डा त्यांनी मला वाचून दाखवला, चार पानं होता. 'तुला कधी काही कमी पडू दिलं नाही' हे वाक्य त्यात तीन ठिकाणी होतं. त्या काळी बाईला एकटीने घर चालवणं किती कठीण होतं, हे दीड पान होतं. ते सगळं खरं होतं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मी त्यांना म्हटलं, ही पानं जपून ठेवा, ती तुमची आहेत. पण मुलाला ज्यासाठी पत्र लिहायचं ते यात कुठे आहे? बराच वेळ त्या पानं उलटत राहिल्या. मग चौथ्या पानाच्या तळाशी एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मुलगा तापाने फणफणलेला असताना त्या त्याला कामवाल्या बाईंवर सोडून प्रीमियरला गेल्या होत्या, आणि नंतर मासिकातल्या मुलाखतीत 'मुलगा आजारी होता तेव्हा रात्रभर उशाशी बसले' असं सांगितलं होतं. ती मुलाखत मुलाने पुढे वाचली. पत्र तिथून सुरू झालं आणि शेवटी सात-आठ ओळींचंच राहिलं. मुलगा भेटायला आला की नाही ते इथे सांगणार नाही, कारण त्यावरून तुम्ही स्वतःसाठी अंदाज बांधाल.

तुमच्या पत्राची सुरुवात साधारण अशी असू शकेल. उतरवून घेऊ नका, तुमच्या शब्दांत लिहा:

'आई गेली त्या दिवशी मी घरात कॅमेरे येऊ दिले. तू मला आतून हाक मारलीस. मी आलोच म्हणालो आणि आलो नाही. तू आत आईजवळ एकटी होतीस. ही माझी चूक होती. त्या दिवशी तुझी परवानगी न विचारता मी तुझं दुःख लोकांना दाखवलं. याबद्दल मी यापुढे कुठेही बोलणार नाही. तुला कधी मला काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही. या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.'

'माझ्याकडून काही चुकलं असेल तर' असं लिहू नका. काय चुकलं ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हाला ते ठाऊक आहे हेच तिला कळायला हवं. स्वतःच्या वयाचा, आजाराचा, 'आता किती दिवस उरले' याचा उल्लेख नको, त्याने गळ्यात दोरी पडल्यासारखं होतं. नातवाचं नाव काढू नका. काढलंत तर पत्र त्याच्यासाठीच लिहिलं असं तिला वाटेल आणि कदाचित ते थोडं खरंही असेल. पुरस्काराचं अवाक्षर नको. तिच्या आईच्या वतीने काही लिहू नका, 'आईलाही हेच वाटलं असतं' हे तर मुळीच नको.

आणि 'मला माफ कर' हे वाक्यही टाळता आलं तर टाळा. हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली माफीच्या सहा घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो नोकरीच्या संदर्भातला होता, घरातला नव्हता. पण त्यात लोकांना सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते स्वतःची जबाबदारी मान्य करणं, त्याखालोखाल भरपाईची तयारी, आणि सर्वांत कमी महत्त्वाचं वाटलं ते क्षमा करा अशी विनंती. घरात मला याचं कारण उघड दिसतं. चूक कबूल करताना तुम्ही तिला काहीतरी देता. क्षमा मागताना पुन्हा तिच्याचकडून काहीतरी घ्यायला हात पुढे करता.

पत्र गेल्यावर थांबायचं. नातलगांकरवी 'पत्र मिळालं का' अशी चौकशी करायची नाही. वाट पाहणं तुमच्यासाठी फार अवघड जाणार आहे, याची मला कल्पना आहे. ज्याने आयुष्यभर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लोकांचा कौल ऐकला, त्याला महिनोनमहिने काहीच न कळणं सोसत नाही. या काळात कोणाशी तरी बोलत राहा, पण तो पत्रकार नको आणि तुमचा चाहताही नको. 'तुमच्यासारख्या माणसाने माफी मागितली हेच खूप झालं' असं म्हणणाऱ्यांपासून जरा दूर राहा. ते प्रेमाने म्हणतात, पण त्यांच्या टाळ्यांमुळे तुम्हाला काम पुरं झाल्यासारखं वाटेल.

तिचं उत्तर आलं आणि ते रागाचं असलं तर ते चांगलं समजा. चौदा वर्षं जी गप्प होती ती बोलते आहे. ती तारखा चुकीच्या सांगेल, जे झालं नाही तेही झालं म्हणेल, तुमच्या ज्या अडचणी तिला कधी कळल्याच नाहीत त्यांच्याबद्दल अन्याय्य बोलेल. दुरुस्त करू नका. कार्ल पिलेमर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी कुटुंबातल्या दुराव्याचा मोठा अभ्यास केला, त्यावरचं त्यांचं पुस्तक 2020 साली आलं. त्यांच्या पाहणीत 27 टक्के प्रौढ अमेरिकनांचा कुणा ना कुणा नातलगाशी संबंध तुटलेला होता, म्हणजे तुमच्या घरात जे झालं ते काही जगावेगळं नाही. ज्यांची नाती पुन्हा जुळली त्यांच्याकडून पिलेमरना कळलं, की भूतकाळाची आपली हकीकतच समोरच्याने मान्य करावी हा हट्ट त्यांनी सोडून दिला होता. माझाही अनुभव हाच आहे. आधी इतिहासावर एकमत व्हावं म्हणून बसलेली माणसं तिथेच बसून राहतात.

उत्तर आलंच नाही, तर? तशी शक्यता मोठी आहे आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी 1963 साली मांडलं की म्हातारपणी माणसाने आपलं आयुष्य पुन्हा पुन्हा तपासून पाहणं हे वेड लागल्याचं लक्षण नाही, ती त्या वयाची स्वाभाविक प्रक्रिया आहे. त्यातून काहींना शांतता मिळते, काहींना अपराधी भावना आणि नैराश्य घेरतं, हेही त्यांनी लिहिलं. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी खरी गोष्ट एकदा कागदावर नाव घेऊन लिहिली, ते उत्तर न येताही थोडे मोकळे झालेले मी पाहिले आहेत. ज्यांनी ती मुलाखतींतून गोड करून सांगितली, त्यांना ती पुन्हा पुन्हा सांगावी लागली. वर्षभरात काहीच आलं नाही तर आणखी एक छोटं पत्र पाठवायला हरकत नाही, त्यात नवीन मागणी नको. तुम्हाला झोप लागेनाशी झाली, जेवणावरची वासना गेली, जगण्यात अर्थ वाटेना, तर मात्र पत्राचं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना भेटा.

मृत्युपत्राचं विचारलं आहे तुम्ही. ते स्वतंत्रपणे, वकिलाकडून, तुम्हाला जे न्याय्य वाटतं त्याप्रमाणे करा. ती भेटली तर एक आणि न भेटली तर दुसरं, असं करू नका, आणि पत्रात त्याचा उल्लेख नको.

राहिला कार्यक्रम. आयोजकांना उद्याच कळवा की कुटुंबातल्या कोणालाही बोलवायचं नाही, आणि हे तोंडी न सांगता लेखी कळवा. 'सरप्राइज' म्हणून ते परस्पर बोलावू शकतात, निवेदकाला प्रश्न लिहून देऊ शकतात, म्हणून निवेदकाशीही बोला. तुमच्या जीवनावर ते चित्रफीत दाखवतीलच. ती आधी मागून घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः पाहा. वाहिन्यांच्या संग्रहात तुमच्या पत्नीच्या अंत्यदर्शनाचं चित्रण नक्की असणार आणि अशा फितीत भावुक संगीत लावून ते घालायचा मोह कोणालाही होतो. ते काढायला लावा. मुलीचे लहानपणचे फोटोही काढायला लावा. भाषणात कामाबद्दल बोला, दिग्दर्शक, छायालेखक, मेकअपमन, स्पॉटबॉय, तुमच्यासाठी रात्री जागलेली माणसं, यांच्याबद्दल बोला; तो पुरस्कार कामाचाच आहे. आणि पत्र कार्यक्रमाच्या आधी टाकू नका. आधी मिळालं तर ते निमंत्रण वाटेल, लगेच नंतर मिळालं तर भाषणाचा पुढचा भाग वाटेल. बातम्या आणि अभिनंदनाचे फोन थांबले, की मग टाका.